डावीकडे पिळलेली तार

प्रिय आत्या,

आधी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, की गच्चीवरची अडगळीची खोली आवरताना इमारतीचा पंप आपोआप चालू-बंद करणारी जुनी पेटी मला सापडली. ते खरं नाही. सापडली नाही, मी ती शोधली. दोन महिने रखवालदाराच्या मागे लागून त्या खोलीची किल्ली मिळवली, सहा मोडक्या खुर्च्या आणि कुणाची तरी रंग उडालेली सायकल बाहेर काढली, आणि सगळ्यात मागे भिंतीकडे तोंड करून ठेवलेली ती पेटी ओढून आणली. 'सापडली' हे खोटं आहे हे ठाऊक असूनही मी तसंच पाकीट बंद केलं. शिवाय 'चोवीसच्या चोवीस घरांना आता टाकीतलं पाणी फोनवर दिसतं' असंही लिहिलं होतं. ती घरं बावीस आहेत. एका घरात साधा फोन आहे, आणि दुसऱ्या घरातल्या बाई म्हणतात, की पाणी नळातून दिसतं तेवढं पुरे.

तुला हसू येईल, की एवढ्याशा दुरुस्तीसाठी कुणी पत्र लिहितं का, आणि तेही मी. माझ्या टेबलावर या क्षणी तीन फोन उघडे पडलेत आणि चौथा माझ्या खिशात वाजतोय. पण खरं सांगते, जे सांगायचंय ते मी फोनवर अकरा वेळा टाइप केलं आणि अकरा वेळा पुसलं. यंत्रांवर माझं कितीही प्रेम असलं तरी त्यांची ही एक खोड मला महागात पडते: ती माणसाला मागे फिरायला फार सोपं करून ठेवतात. पत्राचं तसं नाही. टपालपेटीत पडलं की पडलं, हात घालून काढता येत नाही. माझ्यासारख्या भित्र्या माणसाला असंच तंत्रज्ञान हवं.

तर आधी बातमी, कारण बातमी चांगली आहे. टाकीच्या झाकणाखाली बसवलेला माझा सेन्सर गेले पाच महिने एकदाही चुकलेला नाही. तो पाण्याकडे आवाज सोडतो, आवाज परत यायला किती वेळ लागला ते मोजतो, आणि त्यावरून पाणी किती खाली आहे ते सांगतो. माणसाच्या कानाला ऐकू न येणारी हाक आणि तिचा प्रतिसाद, बस्स. डबा मी चटणीच्या बरणीच्या झाकणाचा केलाय. बाबांनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा ते म्हणाले, की हे टाकीत पडलं तर शोधायला मी उतरणार नाही. आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तेच स्वतःच्या फोनवर पाणी दाखवतात. काल एका बाईंनी टोस्टर दुरुस्तीला आणला होता, त्यांनाही दाखवलं. बिचाऱ्या पलीकडच्या गल्लीत राहतात, त्यांना आमच्या टाकीशी काय घेणं?

आणि गंमत अशी, की पाणी तेवढंच आहे, पण माणसं बदलली. पूर्वी पाणी संपलं की सगळे एकदम भांडायचे आणि मोकळे व्हायचे. आता चाळीस टक्क्यांवर आलं की भांडणाची तयारी सुरू होते. पहिल्या मजल्यावरचे ऑडिटर आजोबा निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण त्यांचा लाल पेन अजून निवृत्त झालेला नाही. ते दर पंधरा मिनिटांनी आकडा वहीत लिहितात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला थांबवून सांगितलं, की मंगळवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी आलेख एकदम उतरतो, म्हणजे कुणीतरी दोन बादल्या जास्त वापरतंय. मी घरी येऊन आलेख नीट पाहिला. शेजाऱ्यांच्या रोजच्या वेळा ठाऊक असल्यामुळे तासाभरात मला कळलं होतं, की कोण कधी उठतं, कुणाकडे पाहुणे आलेत, आणि तिसऱ्या मजल्यावरचे नवरा-बायको आठवडाभर वेगवेगळ्या वेळी घरी येताहेत. मी तर फक्त पाणी मोजायला बसले होते. त्याच दुपारी मी आलेख काढून टाकला. आता फक्त एक आकडा दिसतो, आणि जुने आकडे यंत्र स्वतःच विसरतं. ऑडिटर आजोबांनी दोन दिवस मला पाहून दार लावून घेतलं. तिसऱ्या दिवशी म्हणाले, की बरोबर केलंस, पण माझी वही मी देणार नाही.

बाबांचं वेगळंच. फोनमधल्या बोलणाऱ्या बाईला ते अजून 'अहो' म्हणतात. 'अहो ताई, उद्या सकाळी सहाला उठवाल का, जमलं तर?' असं विचारतात, आणि गजर वाजला की तिचे आभार मानून मगच तो बंद करतात. मी हसले, तर म्हणाले, की तुझी आत्या ट्रान्झिस्टरसुद्धा टेबलावर आपटत नसे. मी विषय बदलला. या घरात तुझं नाव निघालं की मी अजून तेच करते, आत्या. बाबांना वाटतं, मला तुझी आठवण येते म्हणून. ते अर्धंच खरं आहे.

मी तुझीच शाळा शिकले. आठ वर्षांची होईपर्यंत दम्यामुळे मला बाहेरच्या शाळेत घातलं नव्हतं, आणि दुकानामागच्या त्या खोलीत तुझ्या टेबलाखाली माझी सतरंजी होती. आकडे मी रेझिस्टरच्या पट्ट्यांवरून शिकले: काळा शून्य, तपकिरी एक, लाल दोन. शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी पाच बोटं दाखवून विचारलं तेव्हा मी 'हिरवा' म्हणाले आणि वर्ग हसला. अक्षरं मी तुझ्या चिठ्ठ्यांवरून शिकले. तुझा नियम होता, की ज्या यंत्राला हात लावला त्याच्या झाकणाच्या आत चिठ्ठी चिकटवायची: तारीख, काय बिघडलं होतं, काय केलं. पुढे ते उघडणाऱ्याला चाचपडावं लागू नये, मग तो आपला असो की परका. त्या चिठ्ठ्यांवर पातळ कागद ठेवून मी गिरवायचे. नाव कुणी लिहीत नसे, कारण चिठ्ठी लिहिणारा हात घरात एकच होता. बाबा गल्ला आणि गिऱ्हाईक सांभाळायचे, दुरुस्ती तुझी. दहा-अकरा वर्षांची होईपर्यंत माझं अक्षर आणि तुझं अक्षर आईलाही वेगळं ओळखता येईना. तुला त्याचा किती अभिमान होता! फक्त एक गोष्ट तुला माझ्याकडून गिरवून घेता आली नाही. मी डावखुरी. तार पिळताना तुझा पीळ उजवीकडे जायचा, माझा डावीकडे. तू मला चिमटी म्हणायचीस, आणि सांगायचीस, की चिमटीचा जोड डोळे बांधूनसुद्धा ओळखता येईल.

आता ती नऊ वर्षांपूर्वीची दुपार लिहिते. तुला ती माझ्यापेक्षा चांगली ठाऊक आहे, पण एकदा सगळं क्रमाने लिहून काढल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. पंप आपोआप बंद होईना, टाकीतल्या तरंगत्या चेंडूकडून येणारी तार पेटीत सुटली होती, आणि चार दिवस रखवालदार हातानेच पंप चालू-बंद करत होता. मग एके दिवशी पेटीत तुझ्या अक्षरातली चिठ्ठी दिसली: तार जोडली, सोल्डर केलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पंप चालूच राहिला. टाकी भरून वाहिली, पाणी जिन्यावरून खाली आलं आणि तळमजल्यावरच्या बाइंडर काकांच्या खोलीत शिरलं. वाचनालयाची तीनशे पुस्तकं त्यांनी बांधून जमिनीवर रचून ठेवली होती. नंतर आठवडाभर ते गच्चीवर दोऱ्या बांधून पानं वाळवत होते, एकेक पान चिमट्याला लावून. ते कुणाला एक शब्द वाईट बोलले नाहीत, आणि तेच सगळ्यात वाईट होतं.

कंपनीचा माणूस आला, त्याने पेटीत डोकावून 'जोड कच्चा' म्हटलं, नवी पेटी बसवली आणि गेला. काही तपासलं नाही. तपासायचं कशाला, चिठ्ठी होती ना! ज्या घराने चिठ्ठी लावायची पद्धत पाडली, त्याच घरावर ती उलटली. सोसायटीच्या अध्यक्षांनी सगळ्यांसमोर जिन्यात तुला विचारलं, की हे अक्षर तुमचंच ना. तू चष्मा लावलास, काढून ठेवलेल्या जुन्या पेटीशी वाकलीस, जोडावर चढवलेली प्लास्टिकची नळी सरकवलीस, आणि बराच वेळ पाहत राहिलीस. मग म्हणालीस, "हो, माझंच."

मी बाबांच्या मागे उभी होते. चौदा वर्षांची. आत्या, पाणी वाहिलं त्याच्या आदल्या सकाळी तुला ताप होता. अध्यक्षांचा निरोप दुकानात आला तेव्हा तू झोपली होतीस आणि बाबा बाहेर गेले होते. मी तुझी पिशवी घेऊन गेले, रखवालदाराला 'आत्याने पाठवलंय' असं खोटं सांगितलं, मेन स्विच बंद केला, तार जोडली आणि नियमाप्रमाणे चिठ्ठी लावली. तू मला अजून घरच्या विजेला हात लावायची परवानगी दिली नव्हतीस. तू बरी झालीस की तुला तिथे नेऊन दाखवायचं, आणि तू खूश झालीस की मगच कबूल करायचं, असा माझा बेत होता.

त्यानंतर या इमारतीने आपल्याला काम दिलं नाही. तू इस्त्री थंड करावी तसं सोल्डरिंग आयर्न थंड केलंस, आणि महिन्याभरात परगावच्या त्या कारखान्याच्या गोदामात सुटे भाग मोजायच्या नोकरीवर निघून गेलीस. सगळे म्हणाले, ताईंचा हात गेला, नजर गेली. मी ते ऐकत जेवले, झोपले, परीक्षा दिल्या. नऊ वर्षं मी प्रत्येक जोड तीनदा तपासते. लोक म्हणतात, मुलगी किती काटेकोर. कशाची काटेकोर! ज्या जोडाने माझ्या आत्याला घरातून घालवलं, तो जोड मी एकदाही तपासला नव्हता.

म्हणून मी ती पेटी शोधली. आणि आता ऐक, कारण इथून पुढे मला लिहिताना उभं राहावंसं वाटतंय. मी पेटी टेबलावर घेतली, नळी सरकवली. डावीकडचा पीळ, जसाच्या तसा. मीटर लावला. जोड पक्का! हातात धरून हलवला, ओढला, गरम केला, गार केला. मग एक छोटी मोटर लावून चेंडूचा दांडा वर-खाली होईल अशी सोय केली आणि मोजणी लावून दिली. हजार वेळा पेटीने पंप चालू केला आणि हजार वेळा बंद केला. एकदाही चुकली नाही, आत्या. बाबा मधूनमधून येऊन आकडा बघून जात होते, त्यांना वाटलं, मी काहीतरी नवीन विकायला बनवतेय. नऊशे ऐंशीच्या पुढे मी आकडे मोठ्याने मोजत होते. हजारावर मी अशी ओरडले, की आईच्या हातातून झाकण पडलं.

पण मग पाणी का वाहिलं? दुसऱ्याच दिवशी प्लंबरला घेऊन गच्चीवर गेले. नव्या पेटीला चेंडू लागत नाही, म्हणून जुना चेंडू टाकीत तसाच लोंबत होता. आणि ऑडिटर आजोबा आले, कारण गच्चीवर काहीही चाललं की ते येतातच. आम्ही टाकी भरू दिली. पाण्याबरोबर चेंडू वर आला, आणि भरायला चार बोटं कमी असताना एका आडव्या पाइपाखाली अडकला. पाणी त्याच्यावरून चढत गेलं, चेंडू तिथेच. म्हणजे 'टाकी भरली' हे त्या चेंडूने पेटीला कधी सांगितलंच नाही. पेटी बिचारी काय करणार? प्लंबरने पाइप पुसला. तो याच्याच वडिलांनी बसवला होता, वरच्या मजल्यावर पाण्याचा जोर वाढावा म्हणून, आणि त्यांच्या सवयीप्रमाणे त्यावर रंगाने तारीख घातली होती. पूर आला त्याच्या तीन दिवस आधीची. वरच्या मजल्यावर कोण राहतं ते तुला माहीत आहे. पण अध्यक्षांना हे कळलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना जोर हवा होता, पाइप कुठून गेला ते त्यांनी पाहिलं नसेल. त्यांच्याबद्दल जेवढं ठाऊक आहे तेवढंच मी बोलणार.

ऑडिटर आजोबांनी टाकीत वाकून पाहिलं. मग त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "म्हणजे तुझ्या आत्याला आपण उगाच घालवलं." लाल पेनवाला माणूस, आत्या, आणि बाहीने चष्मा पुसत होता. मी त्यांना लगेच खाली नेलं, नाहीतर मीही रडले असते आणि प्लंबरला काहीच कळलं नसतं.

इथे गोष्ट संपवता आली असती. आजोबांनी ठरवलंय, की सोसायटीच्या बैठकीत स्वतः उभं राहून हे सगळं सांगायचं. मी व्हिडिओ करून दिलाय. तुझी निर्दोष सुटका होणार. मला तोंड उघडायचीही गरज नाही. त्याच बैठकीत आमच्या आणि शेजारच्या दोन इमारतींचं विजेचं आणि पंपांचं सगळं काम माझ्याकडे द्यायचं की नाही, हे ठरायचंय. माझं पहिलं खरं काम. परवान्याची परीक्षा मी गेल्या वर्षीच पास झालेय, कागद तयार आहेत, फक्त हात वर व्हायचे बाकी आहेत. शहाणा माणूस गप्प बसेल. मी तीन दिवस शहाणी राहून पाहिलं. मला नाही जमलं.

कारण चौथ्या दिवशी पेटी पुन्हा उघडली तेव्हा मला दुसरंच काहीतरी दिसलं. तो पीळ लपण्यासारखा नाहीच. झाकण उघडून नळी सरकवली, की पहिल्यांदा तोच नजरेत भरतो. त्या दिवशी जिन्यात तू चिठ्ठी वाचलीच नव्हतीस, आत्या. तू जोड पाहत होतीस. अक्षर कुणाचंही असू शकलं असतं, पीळ कुणाचा ते तुला ठाऊक होतं. नऊ वर्षं मला वाटत होतं, की मी तुझ्यापासून लपवतेय. आणि तू तिकडे गोदामात सुटे भाग मोजत, चिमटीचा जोड कच्चा निघाला हे मनात ठेवून, माझ्या प्रत्येक पत्राला उत्तर देत होतीस. एकदाही विचारलं नाहीस. तुला किती राग आला असेल, आणि तो तू कुठे ठेवलास, हे मला कधीतरी सांग. आज नको.

आज हे पत्र एवढ्यासाठी, की तुझं ते दोन शब्दांचं वाक्य मी सगळ्यांसमोर खोडणार आहे, आणि ते तुझं आहे, म्हणून आधी तुला सांगणं भाग आहे. परवानगी मागत नाही. तू देणार नाहीस. आजोबांचं बोलणं झालं की मी पेटी टेबलावर ठेवणार आहे आणि सांगणार आहे, की अक्षर माझं, जोड माझा, 'आत्याने पाठवलंय' हे खोटंही माझं, आणि नऊ वर्षांचं गप्प बसणंही माझंच. बाइंडर काकांकडे बैठकीच्या आदल्या दिवशी, शनिवारी जाऊन आधी त्यांना सांगेन, आई-बाबांना त्याच संध्याकाळी. कामाचे हात वर होवोत किंवा न होवोत, माझं बोलणं मतदानाच्या आधी व्हायला हवं, नंतर नाही. आणि खोटं कशाला सांगू, एक गोष्ट मला मोठ्याने सांगायचीच आहे: चौदा वर्षांच्या पोरीने, तिच्या आत्याने शिकवल्याप्रमाणे केलेला जोड नऊ वर्षं धूळ खाऊनही हजारात हजार टिकला. हे ऐकताना अध्यक्षांचं तोंड मला बघायचंय. आज सोमवार. पत्र तुला गुरुवारी मिळेल, आणि तू लगेच मला थांबवायला फोन करशील. फोन मी उचलेन, हवापाण्याच्या गप्पा मारेन, पण ऐकणार नाही. बैठक तळमजल्यावर गाड्या लावतात तिथे आहे, येत्या रविवारी, सतरा तारखेला, सकाळी दहा वाजता.

तुझीच,
चिमटी